काचेवर चालणारी धूळ

ता. २, रविवार, सकाळ ९.१०

तारीख आणि वेळ फोन आपोआप घालतो. बाकीचं मी बोलायचं, त्याने लिहायचं. नातीने जाता जाता बसवून दिलं. म्हणाली, आजी, पंधरा दिवस कुणाशी बोलशील, याच्याशी बोल. फोन गुणी आहे. सांगेन ते लिहितो, उलट विचारत नाही. घरात असा एकच. हे कुणी वाचायचं नाही. मीही वाचणार नाही. मी काय बोलले ते मला माहीत आहे, परत वाचायचं कशाला?

नात पोहण्याच्या शिबिराला गेली. पंधरा तारखेला परत. तिचे तीन खेकडे माझ्या ताब्यात. साधे नाहीत, शंखात राहणारे. काचेची टाकी, तळाला वीतभर ओली वाळू, पाण्याच्या दोन वाट्या, वर झाकण. मोठा तो पैलवान, नातीचा तीन वर्षांचा सोबती. मधला भाडेकरू, कारण सारखा शंख बदलत असतो. धाकटी ठमी. ही नावं माझी. नातीने इंग्रजी ठेवली होती, ती टिकली नाहीत.

एक बूट पायात, एक हातात, अशी उभी राहून पोरगी सूचना देत होती. मग चार घड्यांचा कागद माझ्या हातात दिला. वर दोन ओळी अक्षरं. म्हणाली, सगळं यात आहे, पैलवान नऊ दिवस झाले वाळूत गेलाय, त्याचंही आहे, वाचशील ना? मी म्हटलं, वाचते की, चष्मा सापडू दे. चष्मा डोक्यावर होता. ती हसली आणि पळाली. जिन्यातून ओरडली की मला तिघंही पाहिजेत. मी टाकीवर हात ठेवून शब्द दिला. तिघंही मिळतील.

कागद चहाच्या डब्याखाली ठेवला. माझं वाचनाशी वाकडं नाही. लहानपणी शाळा लांब होती, मग लग्न जवळ आलं, एवढंच. नातीला यातलं काही माहीत नाही, ती समोर असली की मी पेपर धरून बसते. सुनेलाही पंधरा वर्षांत पत्ता लागलेला नाही. सून चांगली आहे. एक खोड आहे फक्त, तिला मनातल्या मनात वाचता येत नाही. विजेचं बिल असो, औषधाची बाटली असो, शेजारच्यांची पत्रिका असो, सगळं मोठ्याने वाचते. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, तिथेही असंच करत असेल. बिचारी. मी कधी तिला बोलून दाखवलं नाही.

ता. ४, मंगळवार, दुपार १.३०

नात यांना नखाएवढा तुकडा घालायची. मी बघितलंय. स्वतःही तशीच जेवते, चिमणीसारखी. माझ्या हाताखाली कुणी उपाशी राहिलेलं नाही. काल अर्धं केळं, दुधात भिजवलेला ब्रेड, दोन चमचे भात, गाजराचा कीस. सकाळी बघितलं तर सगळं तसंच. लाजत असतील. काढलं नाही, राहू दे. संकोच गेला की खातील. वर थोडा ताजा भात घातला.

पैलवान अजून खालीच. कोपऱ्यात वाळू जराशी फुगलेली आहे, तिथे असणार. नात गेली म्हणून रुसला. रुसलेल्याच्या मागे लागायचं नाही, त्याने आणखी चढतात. त्याच्या डोक्यावर एक केळ्याची चकती ठेवली. वास लागला की येईल.

ता. ६, गुरुवार, सकाळ ७.४०

काचेवर आतून धूळ. पुसली.

ता. ६, गुरुवार, सकाळ ११.१५

धूळ परत आली. पुसली.

ता. ६, गुरुवार, दुपार १२.०५

धूळ चालते आहे.

ता. ६, गुरुवार, संध्याकाळ ७.२०

सून कामावरून आली. फोनचा उजेड टाकीत मारून बराच वेळ बघत होती. म्हणाली, आई, हे किडे आहेत, माइट्स. भातावर आहेत, काचेवर आहेत, भाडेकरूच्या नांगीच्या सांध्यात आहेत. डोळ्यांच्या देठांशीसुद्धा. तो बिचारा पाय एकमेकांवर घासत होता. मला वाटलं होतं आनंदात आहे.

तिने विचारलं कागदात काय लिहिलंय. मी म्हटलं, स्वच्छता राखा, एवढंच. ती म्हणाली, चार घड्यांच्या कागदात एवढंच? मी म्हटलं, मोठ्या अक्षरांत लिहिलंय. ती म्हणाली, द्या, मीही बघते. मी म्हटलं, कुठे ठेवला आठवत नाही, सापडला की देते. सून चहा करायला गेली. डबा उचलला, चहा काढला, डबा होता तसा, होता तिथेच ठेवला.

नातीला फोन करू म्हणाली. मी साफ नाही म्हटलं. पोरगी पाण्यात उतरायची आणि डोक्यात किडे घेऊन? माझ्यावर सोपवलंय, मी बघते. पन्नास वर्षं तांदूळ-डाळी सांभाळल्यात, किडा मला नवीन नाही.

संकल्प: उद्या किड्यांचा निकाल.

ता. ७, शुक्रवार, दुपार ३.००

धान्याला कीड लागली की ऊन दाखवायचं. यात शिकण्यासारखं काही नाही. अकरा वाजता टाकी ढकलत ढकलत गॅलरीत नेली, झाकण काढलं. किडे दिसेनासे झाले. मी टाळी वाजवली.

किडे वाळूत खाली गेले होते. भाडेकरू आणि ठमीही शंखात आत गेले, दार लावून घेतलं. वाळू वरून पांढरी पडली. एक वाजता सून कधी नव्हे ती घरी जेवायला आली, टाकी बघितली, जेवण सोडून टाकी आत ओढली, पाण्याचा फवारा मारत बसली. म्हणाली, आई, यांना ओल लागते, ओल गेली तर यांचा श्वास बंद होतो. मी विचारलं तुला कसं ठाऊक. म्हणाली, तुमची नात वर्षभर जेवताना दुसरं काय बोलते? मला वाटतं, पोरगी भरभर बोलते, त्यामुळे माझ्यापर्यंत पोचत नाही.

बाकी उपाय बरोबर होता. आजचं ऊनच जरा जास्त होतं.

ता. ८, शनिवार, सकाळ ११.४०

प्राणीवाल्याच्या दुकानात जाऊन आले. दुकानात पोपटांचा इतका गलका की माणसाने घसा फोडूनच बोलावं. माणूस भला आहे, तीन वर्षांपूर्वी यानेच नातीला पैलवान दिला. मी म्हटलं, टाकीत थोडी धूळ झाली आहे. तो म्हणाला, आजी, धूळ चालते का? मी म्हटलं, हळूहळू.

त्याने सांगितलं ते असं. खेकडे वेगळे काढायचे. दिवसभर भरून ठेवलेल्या पाण्यात त्याच्याकडचं मीठ घालून त्यांना बुडवून आंघोळ, दोनदा. वाळू सगळी टाकून द्यायची. टाकी उकळत्या पाण्याने आणि व्हिनेगरने घासायची, साबण नाही, औषध नाही. मग नवी वाळू. खायला नखाएवढं, उरलेलं सकाळी बाहेर.

मग विचारलं, सगळे वर आहेत ना? एखादा वाळूत खाली गेला असेल तर टाकीला हात लावू नका, आधी मला सांगा.

मी म्हटलं, सगळे वरच आहेत, ठणठणीत.

का म्हटलं? माझ्या ताब्यातल्या तिघांपैकी एकाने पंधरा दिवसांत तोंड दाखवलं नाही, हे परक्या माणसाला कशाला सांगायचं? त्याला काय वाटेल? शिवाय मागे गिऱ्हाईक उभं होतं, ऐकत होतं.

निघताना त्याने छापील कागद दिला, यात सगळं सविस्तर आहे म्हणाला. हल्ली जो तो कागद देतो. घडी करून पिशवीत टाकला.

ता. १०, सोमवार, सकाळ १०.००

आज साफसफाई ठरली होती. पण पाणी दिवसभर ठेवायचं असतं, ते काल ठेवायला विसरले. आज ठेवलं. गुडघाही धरलाय. उद्या.

भाडेकरूच्या डोळ्याशी आता चार ठिपके. मोजले नाहीत, दिसले.

पैलवानाबद्दल मी विचार करत नाही.

ता. १०, सोमवार, संध्याकाळ ५.३०

वास येत नाही. मेला असता तर वास आला असता. हे फक्त नोंद म्हणून. विचार करत नाही.

ता. ११, मंगळवार, दुपार ४.१५

केली. एकटीने. सून कामावर गेल्या गेल्या सुरुवात केली, म्हणजे मध्ये मध्ये कुणी सूचना नको.

भाडेकरूला मिठाच्या पाण्यात बुडवला. शंखातून बुडबुडे निघाले आणि पाण्यावर किड्यांची साय धरली. साय! मनाला असं बरं वाटलं, पावसाळ्यानंतर गाद्या उन्हात टाकल्यासारखं. त्याने माझं बोट धरलं. सोडेना. मी त्याला म्हटलं, अरे मेल्या, तुलाच आंघोळ घालतेय. ठमी शहाणी, निमूट बुडाली. दोघांना ओल्या फडक्यावर बादलीत ठेवलं.

मग वाळू. कालथ्याने काढत गेले. ओली वाळू जड असते, मांडीवरच्या पोरासारखी. दोन बादल्या झाल्या. राहिला तो कोपरा. मी म्हटलं, चला पैलवान, रुसवा पुरे. आणि कालथा घातला.

वाळू आत ढासळली. खाली पोकळी होती, मुठीएवढी, गुळगुळीत, कुणीतरी आतून लिंपल्यासारखी. त्यात तो. शंखातून अर्धा बाहेर. पांढरा पडलेला, पिठाच्या गोळ्यासारखा मऊ. आणि शेजारी त्याचे पाय. नांग्या. सुटे, तुकडे तुकडे.

किड्यांनी खाल्ला. मी वर टाळ्या वाजवत होते आणि खाली त्याला खात होते.

बसले जमिनीवर. किती वेळ ते फोनलाही माहीत नाही, तेव्हा मी बोलत नव्हते.

टाकून देववेना. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला, शंखासकट, तुकड्यांसकट. दोन मुठी ओली वाळूही घातली, उघडा कसा ठेवायचा. झाकण लावून फडताळात मागे, शिवणाच्या पेटीपाठी ठेवला. मग उठून टाकी घासली. उकळतं पाणी, व्हिनेगर, कोपऱ्यांत जुना दात घासायचा ब्रश. दुकानातून आणलेली नवी वाळू भरून दोघांना आत सोडलं. एवढी स्वच्छ टाकी दुकानातही नसेल.

ता. १२, बुधवार, सकाळ ८.२०

काचेवर एकही ठिपका नाही. आपली पद्धत ती आपली पद्धत.

सुनेने विचारलं पैलवान कुठे. म्हटलं, नव्या वाळूत गेला असेल खाली. ती म्हणाली, पण जुन्या वाळूतून काढलात तेव्हा कसा होता? म्हटलं, ठीक. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बोटावरच्या चिमट्याकडे बघितलं आणि त्यावर मलम लावून दिलं. औषधाच्या नळीवरचं सगळं मोठ्याने वाचत.

नातीला काय सांगायचं:
पळून गेला. (झाकण जड आहे, पटणार नाही.)
म्हातारा होता. (तीन वर्षांचा. मी त्र्याहत्तर.)
किड्यांनी खाल्लं, आजीचा काय दोष.
तिसरं बरं आहे. तिसरं खरंही आहे.

ता. १३, गुरुवार, संध्याकाळ ७.५०

सून पिशवीतली भाजी काढत होती. तळाला दुकानातला कागद सापडला, ओला झालेला. तिने सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतला. मी शेंगा सोलत होते. अर्धं ऐकत होते, अर्धं सोलत होते.

वाचत होती ते असं, की हा खेकडा कात टाकायला वाळूत खोल जातो. महिना महिना वर येत नाही. कात टाकली की रंग उडतो, अंग लोण्यासारखं मऊ होतं, हालचाल नसते. शेजारी जुनी कात पडते, पाय-नांग्यांसकट, ती हळूहळू खाऊन तो ताकद धरतो. मेला असं समजून बाहेर काढू नये. काढलात तर बहुधा...

सुनेने पुढचं वाचलंच असेल. मी शेंगांचं ताट तिथेच टाकून उठले होते.

फडताळातला डबा काढला. झाकण उघडलं. पिठाचा गोळा तसाच. मी वाकून फुंकर घातली. एक मिशी हलली. केसाएवढी. मी सुनेला हाक मारली, तीही वाकली. परत हलली.

जिवंत होता. दोन दिवस शिवणाच्या पेटीमागे, आणि मी बाहेर बसून त्याच्या मरणाची कारणं जुळवत होते.

सुनेने प्राणीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, वेगळ्या भांड्यात ओली वाळू, काळोख, अजिबात हलवू नका, बाकी काही आपल्या हातात नाही. तसं केलं. मोठं पातेलं, वर काळं कापड. 

मग मी चहाच्या डब्याखालचा कागद काढला आणि पहिल्यांदा घडी उघडली.

आत अक्षरं नव्हती. चित्रं होती. सहा चौकोन, रंगीत. पहिल्यात एक नख आणि शेजारी नखाएवढाच तुकडा. दुसऱ्यात सूर्य उगवतोय आणि एक हात उरलेलं खाणं बाहेर काढतोय. तिसऱ्यात अख्खं केळं, त्यावर लाल फुली, आणि फुलीखाली ठिपक्यांची रांग चालत येतेय. चौथ्यात टाकी उन्हात, लाल फुली. पाचव्यात वाळूखाली पैलवान झोपलेला, शेजारी पायांचा ढीग, वर कालथा घेतलेला हात, आणि त्यावर सगळ्यांत मोठी फुली. कालथाच काढला होता पोरीने. मी काय उचलीन हे तिला माहीत होतं.

सहाव्यात एक म्हातारी फोन कानाला लावून बसलीय. चष्मा डोक्यावर.

सुनेला म्हटलं, वरच्या दोन ओळींत काय आहे? मी स्वतःहून कुणाला वाचून दाखव म्हटल्याची ही पहिलीच वेळ. तिने वाचलं, ओळी तिच्यासाठीच होत्या: आई, हा कागद आजीचा आहे, तिचा तिला उघडू दे. मग म्हणाली, मी डब्याखाली पाहिला होता, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून हात लावला नाही. चुकलंच माझं. तिचं चुकलं असतं तर बरं झालं असतं.

ता. १४, शुक्रवार, सकाळ ६.३०

मिशी हलली. मी कापड वर केलं नव्हतं, कडेने बघितलं.

ता. १४, शुक्रवार, सकाळ ९.००

ठरवलं आहे. पंधरा दिवस पातेल्याला कुणी हात लावायचा नाही, मी राखण करीन. त्याला ताकद येईल. पोरीला आल्यावर म्हणायचं, जागा बदलली फक्त. जमेल हे. माझ्या हातची रोपं नेहमी लागतात.

ता. १४, शुक्रवार, दुपार २.१०

कडेने बघितलं. हलली नाही. झोपला असेल.

ता. १४, शुक्रवार, संध्याकाळ ६.००

वास येतो आहे.

ता. १५, शनिवार, दुपार ४.४०

नात आली. केस ओलेच. पदक दाखवायच्या आधी टाकीकडे गेली, बोटाने मोजलं. एक, दोन. मग माझ्याकडे वळली.

तिसरं कारण तयार होतं. पळून गेल्याचंही होतं. तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, मी उकरला, कागद न उघडता. दुकानदाराने विचारलं तर त्यालाही खोटं सांगितलं.

ती म्हणाली, पण मी तर चित्रं काढली होती. दोन दिवस लागले होते मला. तुला कळावं म्हणून.

मी म्हटलं, मग वाचशील ना असं का विचारलंस? ती म्हणाली, तुला तसं विचारलेलं आवडतं म्हणून.

मग ती आंघोळीला गेली आणि नळ बराच वेळ चालू होता.

माइट्सबद्दल सुनेने विचारलं तेव्हा म्हणाली, ते उरलेलं खायला येतात. भात काढला असता तर आपोआप गेले असते. म्हणजे टाकी धुवायचीच नव्हती.

ता. १६, रविवार, सकाळ ८.०५

पैलवानाला नातीने कुंडीत पुरला. मला बोलावलं नाही. मी खिडकीतून बघितलं. शंख धुऊन टाकीत ठेवला. तासाभरात भाडेकरू आपला शंख सोडून त्यात शिरला, दोन फेऱ्या मारल्या, कसा दिसतो ते दाखवल्यासारख्या. भाडेकरूच तो.

काचेवर एक ठिपका आहे. मी पुसलेला नाही. हात लावलेला नाही.

टाकीवर नातीने नवा कागद चिकटवलाय. या वेळी घडी नाही, सगळ्यांना दिसेल असा. यात चित्र एकही नाही. एकच ओळ आहे, अक्षरांची.

सून चहा घेऊन आली. कागदासमोर थांबली. मी कप हातात धरून वाट बघत बसले, आता वाचेल, सवयच आहे तिला. तिचे डोळे त्या ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. ओठ हलले नाहीत. मग म्हणाली, आई, चहा निवतोय.

म्हणजे तिला मनातल्या मनात वाचता येतं.